रस्त्याचा नकाशा : सरकारी आणि फुकट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मोटारीनं शिरलं, की हद्द ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर बहुधा एक बैठी इमारत लागते. तिला तिथं ‘वेलकम सेंटर’ म्हणतात. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, पाय मोकळे करायला हिरवळ आणि आत भिंतीलगत माहितीपत्रकांची मांडणी. त्या मांडणीत हॉटेलांच्या आणि करमणुकीच्या जाहिराती पुष्कळ असतात. त्या घ्याव्यात किंवा सोडाव्यात. पण घडी घातलेला एक मोठा कागद तिथं असतो, तो मात्र सोडू नये. त्यावर राज्याचं नाव असतं आणि खाली लिहिलेलं असतं ‘ऑफिशियल हायवे मॅप’ किंवा ‘ऑफिशियल ट्रॅव्हल मॅप’. हा राज्य सरकारनं छापलेला रस्त्यांचा नकाशा. किंमत काही नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे चटकन खरं वाटत नाही. सरकारी कागद, तोही रंगीत, आणि त्यासाठी अर्ज नाही, सही नाही, ‘उद्या या’ नाही! मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहायला गेलेली आपली मंडळी तिथं पहिल्यांदा जातात, तेव्हा नकाशा उचलताना काउंटरवरच्या बाईंकडे एकदा हळूच पाहून घेतात. त्या हसून म्हणतात, हवे तर दोन घ्या. मीही असाच एक-एक गोळा करत गेलो आणि आता माझ्याकडे त्यांचा बऱ्यापैकी गठ्ठा झाला आहे. नातवंडं विचारतात, ‘‘आजोबा, फोन रस्ता सांगतो ना, मग हे कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्यासाठीच आजचा विषय घेतला आहे.

आधी या कागदावर काय असतं ते पाहू. एका बाजूला संपूर्ण राज्य. जाड रेषा म्हणजे आंतरराज्य महामार्ग, त्याहून बारीक रेषा म्हणजे जुने राष्ट्रीय महामार्ग, त्याहून बारीक राज्याचे रस्ते आणि तुटक रेषा म्हणजे बहुधा खडीचे किंवा मातीचे. दोन गावांच्या किंवा दोन फाट्यांच्या मध्ये रेषेवर लहानसा आकडा असतो, तो मैलांचा. आकड्यांची बेरीज करत गेलं की अंतर हाती येतं. बेरजेचा कंटाळा असेल तर कोपऱ्यात मोठ्या गावांमधल्या अंतरांचा तक्ता असतो, आपल्या जुन्या वेळापत्रकांत असे तसा. कडेनं अक्षरं आणि आकडे छापलेले असतात. मागे गावांची यादी असते आणि प्रत्येक गावापुढे एखादी खूण, म्हणजे ‘सी-७’ वगैरे. सी आणि सात जिथं मिळतात त्या चौकोनात गाव शोधायचं. महामार्गावरची विश्रांतीची ठिकाणं, राज्याची उद्यानं, तंबू ठोकायच्या जागा, विमानतळ, घाटरस्ते, हे सगळं खुणांनी दाखवलेलं असतं. टेनेसीसारखी जी राज्यं दोन कालविभागांत वाटली गेली आहेत, त्यांच्या नकाशावर घड्याळ कुठं बदलायचं तीही रेषा असते. एकाच राज्यात दोन वेळा ही गोष्ट आपल्याला नवी, म्हणून ही रेषा पाहून आपला माणूस हमखास थबकतो.

प्रमाणाबद्दल थोडं सांगायला हवं. एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर या प्रमाणाचा नकाशा धरा. त्यावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा ओढली, तर त्या रेषेची रुंदी जमिनीवर पाचशे मीटर भरेल. इतका रुंद रस्ता जगात कुठं नाही. म्हणजे नकाशा काढणारा रस्ता मुद्दाम फुगवून दाखवतो आणि त्यापायी शेजारची नदी, रूळ, गाव थोडं बाजूला सरकवतो. हे अज्ञानानं होत नाही, प्रवाशाच्या सोयीसाठी केलेलं असतं. प्रवाशाला पुढचा फाटा डावीकडे आहे की उजवीकडे आणि त्या फाट्यापर्यंत किती मैल आहेत, एवढं अचूक हवं असतं. ओढा नक्की किती मीटरवर आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. रस्त्याचा नकाशा आणि मोजणीचा नकाशा या दोन वेगळ्या जाती आहेत. पुढे आपल्या देशाकडे वळू तेव्हा हा फरक लागणार आहे.

आता हा नकाशा फुकट का? त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोटारी आल्या, पण रस्त्यांना क्रमांक नव्हते. लांबच्या रस्त्यांना नावं असत. १९१३ साली जाहीर झालेला ‘लिंकन हायवे’ त्यातला प्रसिद्ध. हौशी मंडळं टेलिफोनच्या खांबांवर रंगीत पट्टे रंगवत आणि प्रवासी ते पट्टे पाहत जात. एकाच खांबावर तीन-चार मंडळांचे पट्टे आले की गोंधळ व्हायचा. विस्कॉन्सिन राज्यानं १९१८ साली आपल्या राज्यरस्त्यांना क्रमांक देऊन तेच आकडे रस्त्यावरच्या पाट्यांवर आणि नकाशावर लावले. असं करणारं ते पहिलं राज्य. पाटीवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा एकच, ही आज साधी वाटणारी कल्पना तेव्हा मोठी होती. १९२६ मध्ये ती देशभर लागू झाली आणि राष्ट्रीय महामार्गांना क्रमांक मिळाले.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९१९ साली ऑरेगन राज्यानं पेट्रोलवर कर बसवला, रस्ते बांधण्यासाठी. दहा वर्षांत, म्हणजे १९२९ पर्यंत, सगळ्या राज्यांनी तो बसवला. म्हणजे रस्त्याचे पैसे मोटार चालवणाऱ्याच्याच खिशातून येऊ लागले. मग आपल्या पैशांचे रस्ते कुठून कुठं गेले आहेत, हे त्याला दाखवणं ओघानंच आलं. फुकटचा सरकारी नकाशा म्हणजे त्या कराची एक प्रकारची पावतीच, असं मला वाटतं.

अर्थात फुकट नकाशाची सवय लोकांना लावली ती सरकारनं एकट्यानं नव्हे. पिट्सबर्ग शहरात १९१३ च्या डिसेंबरात गल्फ कंपनीनं मोटारीसाठी खास बांधलेला पेट्रोल पंप उघडला आणि त्यानंतर लवकरच कंपनी फुकट नकाशे वाटू लागली. नकाशा हातात असला की माणूस लांब जातो आणि लांब गेला की पेट्रोल जास्त लागतं, असा साधा हिशेब. मग सगळ्याच तेल कंपन्यांनी तो मार्ग धरला. रँड मॅकनॅली, गूशा आणि जनरल ड्राफ्टिंग या तीन कंपन्या त्यांच्यासाठी नकाशे बनवत. पन्नास-साठ वर्षं अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक पंपावर फुकट नकाशा मिळे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर चित्र पालटलं. पेट्रोल विकायला नकाशाचं आमिष लागेनासं झालं आणि कंपन्यांनी ते वाटणं हळूहळू बंद केलं. उरले ते राज्यांचे नकाशे.

या तेल कंपन्यांच्या नकाशांतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जनरल ड्राफ्टिंगचे ओटो लिंडबर्ग आणि त्यांचे सहायक अर्नेस्ट आल्पर्स यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या नकाशावर ‘अ‍ॅग्लो’ नावाचं एक गाव टाकलं. दोघांच्या नावांची आद्याक्षरं उलटसुलट करून बनवलेलं हे नाव. गाव अस्तित्वातच नव्हतं. दुसऱ्या कुणी नकाशा चोरून छापला तर खोटं गावही सोबत जाईल आणि चोर सापडेल, अशी युक्ती. पुढे रँड मॅकनॅलीच्या नकाशावर ‘अ‍ॅग्लो’ दिसलं. चोर सापडला! पण त्यांचं म्हणणं निराळं होतं : तिथं खरोखरच ‘अ‍ॅग्लो जनरल स्टोअर’ नावाचं दुकान आहे. आणि ते होतं. दुकानदारानं तेल कंपनीच्या नकाशावर हे नाव पाहिलं आणि तेच दुकानाला दिलं होतं.

सरकारी नकाशाही अगदी सोवळा असतो असं नाही. मिशिगन राज्याच्या १९७८-७९ च्या अधिकृत नकाशावर शेजारच्या ओहायो राज्यात ‘गोब्लू’ आणि ‘बीटोसू’ अशी दोन गावं छापली होती. दोन्ही खोटी. मिशिगन विद्यापीठाच्या खेळाडूंना प्रोत्साहन देणारी आरोळी ‘गो ब्लू’ आणि ओहायो स्टेट विद्यापीठाला हरवा अशा अर्थाचं ‘बीट ओ.एस.यू.’ यांची ती गावं केलेली. हा खोडसाळपणा राज्य महामार्ग आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष पीटर फ्लेचर यांच्या सांगण्यावरून झाला. ते मिशिगन विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. बोभाटा झाल्यावर पुढच्या आवृत्तीतून गावं गेली. खोटी गावं आपल्या राज्यात न टाकता शेजाऱ्याच्या हद्दीत टाकली, यातही एक मर्म आहे. या नकाशांवर स्वतःचं राज्य भरगच्च असतं आणि हद्दीपलीकडचा भाग फिकट, जवळपास मोकळा असतो. दोन राज्यांच्या सीमेवर फिरायचं असेल तर दोन नकाशे लागतात. शिवाय कुठंतरी गव्हर्नरसाहेबांचा हसरा फोटो आणि ‘आमच्या राज्यात आपलं स्वागत’ असा मजकूर असतो. निवडणुकीनंतर फोटो बदलतो, रस्ते तेच. या बाबतीत जग सगळीकडे सारखं आहे.

पण हे नकाशे आता कमी होत चालले आहेत. पेन्सिल्व्हेनिया राज्य २००० साली तीस लाखांहून अधिक प्रती छापत असे. २०१२ च्या सुमारास तो आकडा साडेसात लाखांवर आला होता. वॉशिंग्टन राज्यानं तर पैशांच्या तंगीमुळे २००९ पर्यंत छपाई थांबवलीच. इतर राज्यांनीही प्रती कमी केल्या किंवा दर वर्षाऐवजी दोन वर्षांनी आवृत्ती काढायला सुरुवात केली. कारण उघड आहे. मोटारीत आणि खिशात नकाशा बोलू लागला.

फोनवरच्या नकाशाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पुढे गर्दी आहे, पूल बंद आहे, वळसा घ्या, हे कागद सांगू शकत नाही. कागद छापला त्या दिवसापासून जुना होऊ लागतो. शहरात तर फोनच बरा. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत, नेवाडा, मोंटाना, वायोमिंगमध्ये, मैलोन् मैल फोनला संदेशच मिळत नाही. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर ठीक, पण ते आठवणीनं करावं लागतं आणि बॅटरीही टिकावी लागते. कॅलिफोर्नियातल्या ‘डेथ व्हॅली’ या राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण बोलकं आहे. ऑगस्ट २००९ मध्ये एक आई आपल्या लहान मुलाला घेऊन तिथं आली. मार्गदर्शक यंत्राच्या भरवशावर गाडी आडवाटेला गेली आणि वाळूत रुतली. काही दिवसांनी मदत पोहोचली तेव्हा आई जिवंत होती, मुलगा गेला होता. तिथले वनरक्षक अशा घटनांना ‘डेथ बाय जी.पी.एस.’ म्हणू लागले. यंत्राला जुनी, सोडून दिलेली वाटही वाटच वाटते. राज्याच्या नकाशावर ती एकतर नसते किंवा तुटक रेषेची असते आणि तुटक रेषा पाहून माणूस विचार करतो.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फोन आपल्याला नेतो, पण कुठं आहोत ते कळू देत नाही. ‘अर्ध्या मैलावर उजवीकडे वळा’ हे ऐकत ऐकत माणूस सहाशे मैल जाऊन येतो. वाटेत कुठली नदी ओलांडली, डावीकडची डोंगररांग कुठली, हे विचारलं तर सांगता येत नाही. मागच्या आसनावर बसून पाहुण्यासारखा प्रवास करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना हे फार जाणवतं. गाडी त्यांची नाही, फोनची भाषा त्यांची नाही. मांडीवर नकाशा असला की त्यांना काम मिळतं. पुढचं गाव किती मैलांवर, हे तेच सांगू लागतात.

क्रमांकांची रीत ठाऊक असली तर हे सोपं जातं. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांत विषम आकडे दक्षिणोत्तर रस्त्यांना आणि सम आकडे पूर्व-पश्चिम रस्त्यांना आहेत. पाच क्रमांक पश्चिम किनाऱ्यावर, पंच्याण्णव पूर्व किनाऱ्यावर, दहा दक्षिणेला, नव्वद उत्तरेला. १९२६ च्या जुन्या महामार्गांची मोजणी याच्या बरोबर उलट, म्हणजे एक क्रमांक पूर्वेला आणि एकशे एक पश्चिमेला. बहुतेक राज्यांत महामार्गावरून बाहेर पडायच्या फाट्यांना राज्याच्या हद्दीपासून मोजलेल्या मैलांचेच आकडे दिलेले असतात. सध्या ११२ वर असाल आणि १६० ला उतरायचं असेल तर अठ्ठेचाळीस मैल राहिले. यंत्राला विचारायची गरज नाही.

नकाशा मिळवायचा कसा? वेलकम सेंटरवर तर मिळतोच. अशी केंद्रं फार जुनी आहेत. मिशिगननं न्यू बफेलो इथं १९३५ साली उघडलेलं केंद्र देशातलं पहिलं मानलं जातं. त्याखेरीज राज्याच्या वाहतूक किंवा पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर नाव-पत्ता भरला की जिथं छपाई चालू आहे तिथून टपालानं घरपोच येतो. काही आठवडे लागतात, म्हणून सहल ठरली की आधी मागवावा. परदेशी पत्त्यावर पाठवायची सोय सगळीकडे नसते. तेव्हा आपल्याकडून जाणाऱ्यांनी मुला-मुलींच्या पत्त्यावर मागवलेला बरा. राष्ट्रीय उद्यानांचे नकाशे वेगळे. ते प्रवेशद्वारापाशी हातात देतात. काळ्या पट्ट्याची ती सुबक घडीपत्रकं मासिमो विन्येली या नामांकित रचनाकारानं १९७७ साली आखून दिलेल्या चौकटीत आजही छापली जातात. आणि नेवाडात गेलात तर महामार्ग क्रमांक पन्नासची पुस्तिका मागा. १९८६ साली ‘लाइफ’ मासिकानं या रस्त्याला ‘अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता’ म्हणून हिणवलं. राज्यानं त्याच नावाचं भांडवल केलं आणि वाटेतल्या गावांचे शिक्के जमवायची फुकट पुस्तिका काढली. शिक्के पूर्ण केले की प्रमाणपत्र!

आता आपल्याकडे. भारतीय सर्वेक्षण खातं १७६७ साली स्थापन झालं. १८०२ साली चेन्नईजवळून त्रिकोणमितीय मोजणी सुरू झाली आणि ती थेट हिमालयापर्यंत गेली. इतकी जुनी आणि काटेकोर परंपरा असूनही सरकारी नकाशा सामान्य प्रवाशाच्या गाडीत कधी पोहोचला नाही. सुरक्षेच्या कारणानं कित्येक पत्रकं बंदिस्त होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं संरक्षण दलांसाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. २०१७ साली ‘नक्शे’ हे संकेतस्थळ आलं आणि १:५०,००० प्रमाणाची जनतेसाठीची पत्रकं विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. त्या वेळी त्यासाठी आधार क्रमांक द्यावा लागे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे बनवण्यावरची पूर्वपरवानगीची बंधनंही भारतीय कंपन्यांसाठी उठली.

ही प्रगती मोठी आहे. पण वर म्हटलेला फरक इथं आड येतो. १:५०,००० म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. असं एक पत्रक जेमतेम सत्तावीस किलोमीटर लांब-रुंद मुलूख दाखवतं. गिर्यारोहकाला ते सोन्यासारखं. पण मुंबईहून नागपूरला निघालेल्याला अशी निदान पंचवीस-तीस पत्रकं लागतील. हा मोजणीचा नकाशा झाला, रस्त्याचा नव्हे. पर्यटन कार्यालयांतून मिळणारी घडीपत्रकं चित्रांसाठी बरी असतात, त्यावरून फाटा सापडत नाही.

आणि रस्त्याच्या नकाशाची गरज आज आपल्याला कधी नव्हे इतकी आहे. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. सम आकडे दक्षिणोत्तर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. विषम आकडे पूर्व-पश्चिम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. नागपूरवरून ४४, सोलापूरवरून ५२, नाशिकवरून ६०, कोकणातून ६६, असा क्रम लागतो. दिल्लीहून मुंबई-पुण्यावरून चेन्नईला जाणारा ४८ मात्र त्यात नीट बसत नाही. आडवे रस्ते पाहिले तर धुळे-जळगाव-अकोला-नागपूरचा ५३, कल्याण-नांदेडचा ६१, पुणे-सोलापूरचा ६५. तीन आकडी क्रमांक म्हणजे शाखा : बेळगाव-पणजी ७४८ ही ४८ ची, रत्नागिरी-कोल्हापूर-सोलापूर १६६ ही ६६ ची. रीत चांगली आहे. पण इतक्या वर्षांनंतरही लोक ‘एन.एच. फोर’ आणि ‘सतरा नंबर’च म्हणतात, कारण नवे आकडे पाटीवर लागले तरी ते सलग दाखवणारा कागद कुणाच्या हाती आला नाही. दरम्यान औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला.

खर्चाचा प्रश्न येतोच. पण कागद फार लागत नाही. एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर धरले, तर पूर्व-पश्चिम आठशे आणि दक्षिणोत्तर सातशेच्या वर किलोमीटर पसरलेला महाराष्ट्र ऐंशी सेंटिमीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच कागदात बसतो. मागची बाजू गावांच्या यादीला आणि मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकच्या मोठ्या नकाशांना मोकळी राहते. हवा तर एका कोपऱ्यात मंत्रिमहोदयांचा फोटोही मावेल.